तायाक्काचा पिवळा ताणा

आक्का,

परवा तुला घेऊन निघालो तेव्हा मधल्या गल्लीत कुणाचा तरी ताणा लागलेला होता. तू गेल्याचं त्या टोकाच्या घरी अजून कळलं नव्हतं, आणि सकाळच्या उन्हात त्यांनी सूत पसरून खळ द्यायला घेतली होती. आम्हाला बघून बिचारे गडबडले, ताण्याखालच्या लाकडी घोड्या उचलायला धावले. सूत ओलं होतं. तसंच गुंडाळलं असतं तर तारा एकमेकींना चिकटून सगळा ताणा वाया गेला असता. तेवढ्यात दारात उभ्या तुझ्या भाचीनं, शेवंतानं, हात वर केला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तसाच. आक्काला ताण्यावरनं न्हेलेलं खपायचं न्हाय. वळसा घाला." मग पोरांनी तुला खांद्यावर घेऊन मागच्या विहिरीच्या वाटेनं सगळ्या पेठेला वळसा घातला. मी काठी टेकत मागनं चाललो होतो आणि अशा वेळी येऊ नये ते हसू मला येत होतं. जाता जाता सुद्धा तू मला वळसाच घालायला लावलास.

हयातभर मी तुला अहोजाहो केलं आणि तू मला 'कंपौंडर, तुमी'. आज तू म्हणतोय, रागावू नकोस. हे लिहितोय ते तुझे गुण गायला नव्हे. ते काम गल्लीनं हाती घेतलंय, आणि तू खोडून काढायला नाहीस म्हणून जरा जास्तच घेतलंय. मला दुसरंच सांगायचंय. गंगूबद्दल तू मला एक प्रश्न विचारला होतास, फक्त एकदाच. त्याचं खरं उत्तर मी तुला दिलं नाही. एवढी वर्षं समोरासमोर राहून दिलं नाही, म्हणून आता हा कागद घेऊन बसलोय.

पण सुरुवातीपासूनच सांगतो. चौकशीखोर माणसाला मधूनच सुरू करता येत नाही.

मी निपाणीचा. आमच्याकडे तंबाखूच्या वखारी, सूत म्हणजे फक्त सदऱ्याचं तुटलेलं बटण लावायला. वडगावात धर्मादाय दवाखान्यात कंपौंडर म्हणून आलो तेव्हा ताणा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पहिल्याच सकाळी गल्लीतून येताना गुडघ्याएवढ्या उंचीवर मागावर चढवायच्या सुताच्या शे-दोनशे तारा लांबच लांब ताणलेल्या दिसल्या. मी धोतर सावरलं आणि टुणकन पलीकडे उडी मारली. खळीचा कुंचा हातात धरून तू माझ्याकडं असं बघितलंस, की जणू मी कुणाच्या तरी जेवणाच्या ताटावरून पाय टाकला असावा.

"ताण्यावरनं उडी मारलासा?" तू म्हणालीस. "कुठल्या गावचं म्हणायचं तुमी?"

मी म्हटलं, चुकलं, परत येतो. तशी तू आणखीच ओरडलीस, कारण परत येणं म्हणजे दुसऱ्यांदा ओलांडणं. मग मी ताण्याच्या टोकापर्यंत चालत गेलो, तिथून वळसा घालून जिथून निघालो होतो तिथे आलो, तुझ्या देखत उभा राहिलो आणि मग पुन्हा वळसा घालून दवाखान्यात गेलो. गंगू तुझ्या मागं पदर तोंडात कोंबून हसत होती. ती तुझी पाठची बहीण, चार घरं सोडून दिलेली, कडेवर शेवंता. त्या घरातली पहिली ओळख ती हसण्याची.

ताणा का ओलांडायचा नाही, हे मी तुला नंतर किती वेळा विचारलं असेल! एकदा म्हणालीस, लक्ष्मी असते. एकदा म्हणालीस, पाय अडकून तोंडावर पडाल म्हणून. एकदा म्हणालीस, माझ्या सासूला विचारा, आणि सासू तर कधीच वारलेली. शेवटी वैतागून म्हणालीस, "कंपौंडर, तुमी औषध देतासा थोडं आणि इचारतासा लई." ते अजून तसंच आहे. उत्तर मला मिळालेलं नाही.

त्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली. पाऊस ओसरला होता, पहिली लढाई संपत आली होती, आणि माणसं सकाळी मागावर बसलेली दुपारी मान मोडून आडवी होत होती. आमचे डॉक्टर कॅम्पातून आठवड्यातून दोनदा यायचे, काचेच्या मोठ्या बरणीत मिक्श्चर करून ठेवायचे, बाकीचे दिवस दवाखाना माझ्या अंगावर. लोक घरून बाटली आणायचे, मी भरायचा, डोस दाखवायला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खिडकी, आणि तिच्यापुढं सगळं वडगाव. अंगावर अंग. तापलेली माणसं, कडेवर पोरं, खोकणाऱ्या म्हाताऱ्या. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की हा रोग खोकल्यातून, थुंकीतून जातो, तेव्हा गर्दी करू देऊ नका. मी खिडकीतून ओरडायचा. आजाऱ्याला आणू नका, घरचं धडधाकट एकच माणूस या, लांब लांब उभे राहा. एक पोलीस आणून उभा केला, तो दुसऱ्या दिवशी स्वतःच बाटली घेऊन रांगेत होता. औषध घ्यायला येणारी चांगली माणसं माझ्या दारात रोग घेऊन घरी जात होती, हे मला खिडकीतून दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

तू बाटली न्यायला आलीस त्या दिवशी मी अगदी रडकुंडीला आलो होतो. तू गर्दीकडं बघितलंस, दवाखान्यापासून चिंचेच्या झाडापर्यंतचा रस्ता डोळ्यांनी मोजलास आणि म्हणालीस, "तोंड दुखवून घेऊ नगा. मानसं तुमचं ऐकायची न्हाईत. उद्या बगूया."

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर खिडकीपासून चिंचेपर्यंत रस्त्याच्या मधोमध पिवळा ताणा लागलेला. हळदीच्या रंगाचा, खळ देऊन वाळवलेला. बेळगुंदीच्या एका शेतकऱ्याच्या घरी लग्न होतं, त्यांच्या लुगड्यांचा. ताण्याला दर पाच-सहा हातांवर बांबूची काठी, आणि तू हुकूम सोडलेलास की एका काठीशी एकच माणूस. डाव्या अंगानं यायचं, खिडकीतून बाटली घ्यायची, उजव्या अंगानं जायचं. येणारे आणि जाणारे यांच्यामध्ये ताणा. पोलिसाला न जुमानणारी माणसं त्या तारांपुढं देवळात आल्यासारखी उभी होती. कुणी मधे घुसलं नाही, कुणी पलीकडे पाय टाकला नाही. पुढचा सरकला की मागचा पुढच्या काठीशी. मी खिडकीतून बघतच राहिलो. माझी सगळी कंपौंडरी तिथं फुकट होती.

आता यातली गंमत, जी गंमत नव्हती. अर्धी सकाळ गेल्यावर मी जरा मान वर करून बघितलं, तर रांगेतलं प्रत्येक माणूस काहीतरी करत होतं. बोट जिभेला लावायचं आणि ताण्याला लावायचं. पुन्हा बोट जिभेला, पुन्हा ताण्याला. आधी वाटलं, नमस्काराची काही रीत असेल. बारकाईनं बघितलं तेव्हा कळलं, ही विणकरांची जात. समोर तुटलेली तार दिसली की हात गप्प बसत नाही. थुंकी लावून, पीळ देऊन ती सांधायची, मग ताणा कुणाचा का असेना. उभं राहून राहून काय करणार, म्हणून सगळं वडगाव तुझा ताणा सांधत होतं. एकानं सांधलेल्या तारेला मागून येणारा हात लावत होता, आणि तेच बोट पुन्हा तोंडात. ज्या थुंकीपासून माणसं लांब ठेवायची, ती आम्ही खिडकीपासून चिंचेपर्यंत हातोहात पोचवत होतो.

मी ओरडलो. ओरडताना मला खोकला आला, तो मी दाबला. तू धावत आलीस. मी थुंकीचं सांगितलं तेव्हा आधी हसलीस, मग तुझा चेहरा उतरला. तू स्वतःचं बोट बघितलंस. सकाळपासून सगळ्यांत जास्त तारा तूच सांधल्या होत्यास.

"हात लावू नका म्हणून सांगा," मी म्हटलं.

"हात ऱ्हायाचा न्हाय, कंपौंडर. झोपंत बी ऱ्हात न्हाय." थोडा विचार करून म्हणालीस, "थुकी लावायची न्हाय तर दुसरं कायतरी द्या लावायला."

किती साधं बोललीस! माझ्याकडं विहिरीत टाकायचं लाल औषध होतं. तू कुंभाराकडून मातीचे पसरट परळ आणलेस, प्रत्येक काठीपाशी एक ठेवलास, मी त्यात लाल पाणी भरलं. तार दिसली की बोट जिभेला न लावता परळात. दुपारपर्यंत सगळ्या रांगेची बोटं तपकिरी झाली. हात धुवा म्हणून घसा फोडून कुणी धुतले नसते, ते तार सांधायच्या निमित्तानं सगळं गाव धुवायला लागलं. ताण्यावर जिथं जिथं सांधा बसला तिथं तपकिरी ठिपका. पुढं डॉक्टर आले, ते दहा मिनिटं नुसते उभे राहून बघत होते. ही युक्ती कुणाची म्हणून त्यांनी विचारलं तर तू म्हणालीस, "कुनाची न्हाय, ताण्याची."

पण ते परळ यायच्या आधी, भल्या सकाळी, गंगू येऊन गेली होती.

त्याच दिवशी दुपारी मी पडलो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत आठ दिवस खाटेवर. खिडकी कोण चालवणार? तू चालवलीस. अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मापाच्या ग्लासावरची रेघ ओळखता येत होती, आणि कागदाची पट्टी तर माझ्यापेक्षा सरळ कातरायचीस. दाराआडून मी विचारायचा, किती भरलंत, लहान मूल आहे की मोठं माणूस? तू दाराआडूनच उत्तर द्यायचीस, आत पाऊल टाकायची नाहीस. तोंडावर पदर बांधलेला, आवाज घोगरा. मला वाटायचं, बोलून बोलून बसला असेल. नवव्या दिवशी उठून बाहेर आलो तेव्हा पोलिसानं सांगितलं की गंगू गेली. मी पडल्याच्या पाचव्या दिवशी. त्या दिवशी सुद्धा दुपारनंतर तू खिडकीत उभी होतीस आणि दाराआडून मला डोस सांगत होतीस. मला कळू दिलं नाहीस. आक्का, हे मला अजून समजत नाही. काय होतं तुझ्यात? पुष्कळ माणसं बघितली मी, औषधं घेताना, मरताना, खोटं बोलताना. असं माणूस दुसरं बघितलं नाही. आणि हे तुला कधी म्हणालो नाही, नुसताच ताण्याबद्दल विचारत बसलो.

साथ ओसरल्यावर बेळगुंदीकरांनी ठिपक्यांची लुगडी घ्यायला नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं. तू तो ताणा विणलास, कापड उकळून काढलंस आणि हातभर हातभर तुकडे करून ठेवलेस. पुढं पेठेत ज्या घरी पाळणा हलला त्या घरी एक तुकडा गेला. मी आडवा आलो. साथीचं कापड कोवळ्या पोराला? तू म्हणालीस, उकळलंय. मी म्हटलं, एकदा उकळून भागतं असं कोणी सांगितलं? "तुमीच," म्हणालीस. तो वाद आपण वर्षानुवर्षं घातला. ती पोरं मोठी होऊन मागावर बसली तरी तू मला सांगायचीस, बगा, अजून जित्ती हाईत.

आणि तो प्रश्न. गंगूला जाऊन महिना झाला असेल. शेवंताला तू घरी आणली होतीस, ती उंबऱ्याशी खेळत होती. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "कंपौंडर, खरं सांगा. गंगूला माझ्या ताण्यानं न्हेलं का?"

मी म्हटलं, सांगता येत नाही. रोग हवेत होता, कुठूनही आला असेल, मनाला लावून घेऊ नका. तीन वाक्यं बोललो आणि तिन्ही डॉक्टरासारखी. तू मान हलवलीस आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस.

खरं उत्तर असं आहे. त्या सकाळी मी उठलो तो अंगात कणकण घेऊनच. गळ्याला मफलर गुंडाळला, थंडी वाजते म्हणून सगळ्यांना सांगितलं. दवाखाना बंद झाला तर या माणसांनी जायचं कुठं, असं मी मनाला समजावलं. ते खोटं नव्हतं, पण पडून राहायची भीतीही होती, आणि एक मूर्ख मिजासही. गंगू सगळ्यांच्या आधी आली. तिच्या बाटलीचं बूच घट्ट बसलेलं, निघेना. मी ते दातानं उपटलं. रोज उपटायचा, शेकडो बाटल्यांची उपटायचा, कंपौंडरला तीच सवय असते. औषध भरलं, बूच पुन्हा बसवलं, तिला दिलं. ती हसून म्हणाली, "दातं पडतील, कंपौंडर." आणि तासा-दोन तासांनी मी खिडकीतून तुम्हा सगळ्यांवर ओरडत होतो की बोट तोंडात घालू नका! हे मला खाटेवर तापात आठवलं. आठवलं आणि मी तोंड भिंतीकडं केलं.

खाटेवरून उठल्यापासून मी बूच पकडीनं काढतो. पहिल्याच आठवड्यात तू ती पकड बघितलीस आणि विचारलंस, "का वं, दातं दुखाय लागली?" मी व्हय म्हटलं. तू माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंस. तेव्हापासून मला हेच कोडं पडलंय की तुला काय माहीत होतं. दर दिवाळीला तू फराळ पाठवायचीस आणि सोबत निरोप, चकली कडक हाय, दातं जपा. त्या निरोपात चेष्टा किती आणि दुसरं काही किती, हे मी प्रत्येक वेळी शोधायचा. विचारायचं धाडस झालं नाही. साऱ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्याचं तिथं तोंड शिवलेलं.

काल शेवंताकडं गेलो. ठरवून गेलो, आधी तिला सांगायचं. आई तिची गेलेली. तू असतानाच सांगायला हवं होतं, पण निदान ती तरी आहे. ती मागावर होती, माग थांबवून तिनं पाट दिला. मी सुरुवात केली, "शेवंता, तुझ्या आईच्या बाटलीचं बूच..."

"ठावं हाय, मामा," ती म्हणाली. "दातानं काढलंतासा. तुमच्या अंगात ताप व्हता. आक्कानं बगितलंतं, ती खिडकीच्या बाजूलाच काठी रोवत व्हती."

मी काठी खाली ठेवली.

"माझ्या लग्नाच्या आदल्या दिशी सांगितलं मला. म्हणाली, कंपौंडरनं दातानं बूच काढलं आणि म्या थुकीनं तार सांधली, दोघांतलं कुणाचं ते देवाला बी ठावं नसंल. त्यास्नी काय बोलू नगं. कळलं तर दवाखाना सोडून निपाणीला जातील, मग पेठेनं औषधाला कुठं जायाचं?"

म्हणजे तुला ताप दिसला होता, बूच दिसलं होतं, आणि तू गप्प बसलीस, मी गप्प बसलो त्याच कारणासाठी. आणि तरी महिन्यानं मला विचारलंस. तुझ्या ताण्याचं विचारलंस, माझ्या दाताचं नाही. मी बोलावं म्हणून जागा करून दिली होतीस का, आक्का? की खरंच फक्त तुझ्याच वाट्याचं विचारत होतीस? हेही आता कुणाला विचारू?

शेवंतानं ट्रंकेतून एक घडी काढली. तोच पिवळा, हातभर तुकडा, कुणालाही न दिलेला. मी चष्मा पुसून उजेडाकडं धरला. तपकिरी ठिपके होते, आणि त्यांच्यामधे काही सांधे बिनडागाचे, पिवळ्यात पिवळे, बोट फिरवलं तरच लागणारे. परळ यायच्या आधीचे. त्यातला एखादा गंगूचा असेल, एखादा तुझा. मी पुष्कळ वेळ बघितलं. सगळे सारखे होते.

कडेची एक तार सुटून लोंबत होती. ती आत वळवायला म्हणून मी चिमटीत धरली, पीळ दिला, सोडली की पुन्हा सुटायची. कोरडं बोट, म्हातारा हात. दोनदा झालं, तीनदा झालं. शेवंता मागावरून बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "बोट वल्लं करा की. त्याबिगर बसत न्हाय ती."

मी तिच्याकडं बघितलं. मग बोट जिभेला लावलं.